सांधेवाले काका

आमच्या गावात पाऊल ठेवल्याबरोबर माणसाची पहिली चूक होते ती गावाच्या नावात. नगर-श्रीरामपूरकडचा पाहुणा हमखास 'चांदणी' म्हणतो. काका चहाचा कप बशीत ठेवतात. "ण नाही, न. स्टेशनाची पाटी वाचली नाही का? नळाचा न." पाहुणा ओशाळतो. तेवढ्यात शेजारचे हिंदी बोलणारे भाईसाहेब कुंपणावरून डोकावून 'चांदनी' म्हणाले, की काका तिकडे वळतात. "मराठी में चांदणी बोलते हैं. बाण का ण." एकूण काय, काकांच्या ओसरीवर बसून गावाचं नाव बरोबर घेणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

काका रेल्वेत सांधेवाले होते. भुसावळ-खंडवा मार्गावरचं आमचं स्टेशन लहान. पंजाब मेल आमच्या तोंडावर शिट्टी मारून निघून जाते आणि पॅसेंजर तेवढी माणुसकी दाखवून थांबते. अशा स्टेशनावर काकांनी उभं आयुष्य सांधे बदलण्यात घालवलं. खटका ओढायचा, रूळ सरकायचा, गाडी या लाइनीवरून त्या लाइनीवर जायची. "आत बसलेल्याला काही कळत नाही बाळा," ते सांगतात, "फक्त त्याच्या हातातला चहा हिंदकळतो." निवृत्तीला बारा वर्षं झाली. खटका हातातून गेला, पण ओढायची सवय गेली नाही. आता ते शब्दांचे सांधे बदलतात, तेही मुख्यतः चर्चच्या आवारात, आणि आमचे चहा हिंदकळतात.

इथं एक गैरसमज आधीच दूर करतो. चर्चमधला म्हातारा म्हटला की जुन्याला कवटाळून बसलेला, 'आमच्या वेळी लॅटिन होतं' असं उसासे टाकत सांगणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. काका त्यातले नव्हेत. त्यांना नवा शब्द लागतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तोंडी जायच्या आत लागतो. नवं लग्न झालेल्या मुलीला तिच्या सासरच्या नावाने सगळ्यांत आधी हाक मारणारी एक बाई प्रत्येक आळीत असते ना, तसं. मी एकदा सहज विचारलं, "काका, उद्या सर्मन कोण देणार आहे?" काका थबकले. "सर्मन बंद होऊन जमाना झाला. होमिली म्हण." पुढच्या रविवारी मी होमिली म्हणालो. "हिंदी पॅरिश आहे, प्रवचन म्हण." प्रवचन म्हणेपर्यंत फादरांचं बोलून झालं होतं.

हे वेड लागलं ते लहानपणी, आणि दोष द्यायचाच तर थेट रोमला द्यावा लागेल. काकांचं मूळ हरेगावकडचं. आजोबा मिशनमध्ये मास्तर. आमच्या लोकांत मास्तर म्हणजे मुलांना बाराखडी शिकवणारा आणि मोठ्यांना प्रार्थना शिकवणारा असा एकच माणूस, पगारही एकच. या मास्तरांनी नातवाला आठव्या वर्षी वेदीपाशी उभं केलं आणि लॅटिन उत्तरं घोकून घेतली. अर्थ सांगितला नाही, कारण तो मास्तरांनाही कुणी सांगितलेला नव्हता. फादर वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून मिस्सा करायचे. "तोवर आम्ही फादरांना टाचांवरून ओळखायचो," काका म्हणतात.

तिकडे रोमला १९६२ मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. १९६३ च्या डिसेंबरात उपासनेविषयीचा दस्तऐवज निघाला आणि लोकांच्या भाषेला दार किलकिलं झालं. हरेगावकडे ते दार उघडलं तेव्हा काका दहा-अकरा वर्षांचे होते. फादर एका रविवारी वळून उभे राहिले (त्यांना चष्मा आहे हे तेव्हा कळलं) आणि मराठीत बोलू लागले. काकांनी दोन वर्षं घासून पाठ केलेलं लॅटिन एका सकाळीत पाण्यात गेलं. पण त्याहून मोठा धक्का अर्थाचा होता. आपण इतके दिवस छाती बडवून बडवून, तीन-तीनदा, चूक आपलीच आहे असं कबूल करत होतो, हे त्या पोराला तेव्हा उमगलं. "वकील नाही, आरोप माहीत नाही आणि दर रविवारी कबुलीजबाब," काका आजही चिडून सांगतात. "त्या दिवशी ठरवलं, यापुढे शब्द आला की आधी त्याची तपासणी करायची, मग प्लॅटफॉर्मवर घ्यायचा."

१९६९ मध्ये तर एकामागून एक गाड्या आल्या. नवा मिस्सा-विधी आला. भारतासाठी रोमने बारा बदलांना मंजुरी दिली. गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, पंचांग प्रणाम, धूप, दीप, आरती. पंधरा वर्षांच्या काकांनी घरोघरी जाऊन पंचांग प्रणाम घालून दाखवला म्हणतात. एका आत्याबाईंनी तो बघून पोराला फेफरं आलं समजून कांदा हुंगवला. हे मला काकूंनी सांगितलं. काका ही गोष्ट सांगत नाहीत.

नोकरीत बदली होऊन काका चांदनीला आले आणि त्यांना शब्दांचं जंक्शनच सापडलं. शेजारी नेपानगर. वर्तमानपत्राचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना तिथला. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं, १९५६ मध्ये पंडित नेहरू येऊन गेले. भोंगा वाजला तशी चारी दिशांनी माणसं आली, आणि प्रत्येकाने पेटीत आपापला देव आणि देवाचे शब्द भरून आणले. केरळची, रांचीकडची, तमिळ, गोव्याची, नगरची, शिवाय इथली बारेला मंडळी. अख्ख्या देशाला शब्द छापायला कागद पुरवणारी ही जागा, पण आपसात एका गोष्टीला एक शब्द आहे असं मात्र कधी झालं नाही. त्यात १९७७ मध्ये इंदूरपासून वेगळा होऊन खंडवा धर्मप्रांत झाला, आणि २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा होऊन बुऱ्हाणपूर जिल्हा झाला. तेव्हापासून आम्ही कलेक्टरसाठी बुऱ्हाणपूरचे आणि बिशपांसाठी खंडव्याचे. काका पत्त्यात दोन्ही लिहितात, खाली रेघ मारून.

हिंदी चर्चमध्ये पॅरिशला पल्ली म्हणतात आणि पॅरिश प्रीस्टला पल्ली पुरोहित. काकांच्या वहिनी पहिल्यांदा श्रीरामपूरहून आल्या होत्या. त्यांच्या शेजारी जोशीपण करणारं कुटुंब. अंगावर पाल पडली की पंचांगातलं पल्लीपतन उघडून उजव्या खांद्याचं फळ काय, डाव्याचं काय, हे सांगणारं. मिस्सेनंतर सूचना झाली : पल्ली पुरोहित आज घरोघरी येऊन आशीर्वाद देतील. वहिनी घाबऱ्याघुबऱ्या काकूंच्या कानाशी लागल्या, "अगं, तुमच्याकडे पाली इतक्या पडतात का, की त्याचा वेगळा पुरोहित ठेवलाय?" काकूंनी त्यांना गप्प केलं. काकांनी त्यांना अर्धा तास संस्कृत समजावून सांगितलं, पल्ली म्हणजे छोटी वस्ती वगैरे. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी फादर आले तेव्हा छताकडे बघतच त्यांना नमस्कार केला.

केरळच्या मंडळींचा शब्द वेगळाच. त्यांच्यातल्या सिरो-मलबार लोकांची मिस्सा म्हणजे कुर्बाना. काकांना हा शब्द कळला त्या आठवड्यात ते बुऱ्हाणपूरला गेले आणि रिक्षावाल्याला ऐटीत म्हणाले, "जरा जल्दी, कुर्बाना को देर हो रही है." रिक्षावाला भला माणूस, दाढी कुरवाळत म्हणाला, "चाचा, कुर्बानी में तो अभी टाइम है. ईद अगले महीने है." काकांनी तिथल्या तिथे त्याला सांगितलं की दोन्ही शब्द एकाच घरचे, तुमच्याकडे अरबीतून आले, यांच्याकडे सिरियाकमधून. रिक्षावाल्याला हे इतकं आवडलं की त्याने पैसे घेतले नाहीत. मिस्सा चुकली. काकांच्या मते तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सार्थकी लागलेला रविवार.

आणि मिस्सा हा तरी काय शब्द आहे! लॅटिनमध्ये शेवटी लोकांना निरोप द्यायची जी घोषणा, तिच्यातून तो आला. "म्हणजे बघ," काका बोट उभारून म्हणतात, "ज्या शब्दाने पाठवणी करायची त्याच शब्दाने आपण लोकांना बोलावतो." मी म्हटलं, काका, म्हणूनच अर्धे लोक प्रवचन चालू असताना बाहेर जाऊन उभे राहत असतील. काकांनी हे वहीत लिहून घेतलं. विनोद त्यांना कळत नाही, व्युत्पत्ती कळते.

ही वही बघण्यासारखी आहे. रेल्वेचं जुनं रजिस्टर. डावीकडे 'अप', उजवीकडे 'डाउन'. आलेला शब्द अपमध्ये, गेलेला डाउनमध्ये, मध्ये वेळ. 'ऑल्टर बॉय' डाउनमध्ये गेलाय तो १९९४ मध्ये, कारण त्या वर्षी रोमने मुलींनाही वेदीची सेवा करायची मोकळीक दिली आणि 'बॉय'ला उतरावं लागलं. अपमध्ये 'वेदीसेवक'. काकांची नात पहिल्यांदा पांढरा झगा घालून मेणबत्ती धरून उभी राहिली, तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते आणि काका डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होते, "सेविका म्हणायला पाहिजे खरं तर. बघतो, लिहितो खंडव्याला."

एका पानावर मात्र काकांच्या हस्ताक्षरात काकूंनी ढवळाढवळ केली आहे. तिथं अर्पणाच्या झोळीची नावं आहेत. चंदा, मग दान, मग अर्पण, मग योगदान. प्रत्येकासमोर काकांनी सुबक अक्षरात अर्थच्छटा लिहिली आहे. शेवटी काकूंची शिसपेन्सिल : 'सगळ्या वेळी दहा रुपये.'

काकू या माणसाच्या संसारात कशा टिकल्या हे कोडं नाही. त्यांनी एकही शब्द बदलला नाही. मिस्सा ती मिस्सा, फादर ते फादर, आणि सप्टेंबर आला की हरेगावच्या मतमाउलीला जायचं ते जायचं. कन्फेशनचं नाव हिंदीत पापस्वीकार होतं, आता मेलमिलाप संस्कार म्हणतात. कल्पना चांगली आहे, नुसती पापांची यादी वाचायची नाही, देवाशी आणि माणसांशी तुटलेलं जोडायचं. काका एका शनिवारी घरी येऊन टोपी खुंटीला लावत म्हणाले, "मेलमिलाप करून आलो." काकू भाजी निवडत होत्या. "कुणाशी? धाकट्या भावाशी बोलून तर नऊ वर्षं झाली." त्या रात्री काकांच्या घरचा दिवा उशिरापर्यंत होता. शब्द इतका स्पष्ट असण्याचे तोटेही असतात. पापस्वीकारात निदान भाऊ मध्ये येत नव्हता.

कुणी म्हणालं की काका, कशाला हे सारखे नवे शब्द, तर त्यांच्याकडे हुकमाचं पान आहे. फादर स्टीफन्स. हा इंग्रज जेजुइट गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन. (आमची नवी पिढी मोबाइलवर तसंच लिहिते, त्यामुळे काका तिला नावं ठेवू शकत नाहीत.) "स्वर्गासाठी त्यांनी चक्क वैकुंठ शब्द वापरला," काका सांगतात. "चारशे वर्षांपूर्वी! आणि तुम्ही होमिली म्हणायला लाजता." वसईचं 'सुवार्ता' मासिक ते मागवतात, दिब्रिटो फादरांचं 'सुबोध बायबल' उशाशी असतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काकांनी आठवडाभर असा चेहरा ठेवला होता की जणू सूचक-अनुमोदक तेच.

मधल्या काळात पोप फ्रान्सिस यांनी सिनॉड काढला. २०२१ पासून जगभरच्या पॅरिशमध्ये माणसांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मग रोमला बैठका, २०२३ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात. शब्द आला 'सिनोडॅलिटी'. जीभ वळेना. आमच्या सभेत फादरांनी तो तीन वेळा उच्चारला, तिन्ही वेळा वेगळा. शेवटी काका उठले. ग्रीक शब्द आहे, म्हणाले, सिन म्हणजे सोबत, होदोस म्हणजे वाट. सहप्रवास. आणि मग त्यांच्यातला सांधेवाला बोलायला लागला. "आपली पॅसेंजर असते ना, तसं. रिझर्व्हेशन नाही. बसलेल्याने सरकायचं, चढलेल्याने अंग चोरायचं, कोपऱ्यातल्या म्हातारीला विचारायचं की आजी कुठं उतरणार." सभा शांत झाली. कधी नव्हे ते सगळ्यांना सगळं कळलं. फादर म्हणाले, "बहुत सुंदर." काका तिथेच थांबले असते तर! पण त्यांनी लगेच फादरांना उच्चार दुरुस्त करून दिला, आणि ऐकून घेण्याची सभा काकांना ऐकून घेण्यात संपली.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. काकांना ताप आला. साधा, हवेतला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खिचडी खा म्हणाले. पण काकांच्या डोक्यात वेगळंच. मरणाऱ्याला फादर येऊन तेल लावतात, त्या संस्काराला हिंदीत पूर्वी अंतमलन म्हणत. नावातच अंत. फादर तेलाची डबी घेऊन गल्लीत दिसले की बायका रडायला सुरुवात करत, आणि आजारी माणूस बरा व्हायचा असला तरी बिचकून जात असे. १९७२ मध्ये रोमने हे सुधारलं. मरणाचं नव्हे, आजाऱ्यांचं तेल. म्हणून नवं नाव रोगी-विलेपन. काका हे सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते, पण प्रात्यक्षिकाला रोगी मिळत नव्हता. जो तो म्हणे, आम्हाला नको, आम्ही बरे आहोत. आता आयता स्वतःलाच ताप! काकांनी फादरांना निरोप धाडला.

फादर आले. कपाळाला आणि हातांना तेल लावलं, प्रार्थना झाली. काका पडल्या पडल्या माहिती देत होते. पूर्वी डोळे, कान, नाक, तोंड, हात, पाय, सगळ्यांना लावत, आता कपाळ आणि हात. काकू दारातून म्हणाल्या, "तोंडाला लावायचं बंद केलं तिथंच चुकलं." काका पुढे म्हणाले, पूर्वी ऑलिव्हचंच तेल लागायचं, आता कुठलंही वनस्पतीचं चालतं. काकूंनी विचारलं, "शेंगदाण्याचं?" फादरांना हसू आवरेना. ते चहा घेऊन गेले.

मध्येच काकूंना श्रीरामपूरहून भाच्याचा फोन आला. काय चाललंय मामी? काकू खरं बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, "ह्यांना ताप आहे. आत्ताच फादर तेल लावून गेले." पलीकडे एकदम शांतता. मग, "बरं मामी, धीर धरा," आणि फोन बंद. काकूंना वाटलं रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळकडून पॅसेंजर आली. मी स्टेशनावरच होतो. आठ माणसं उतरली. पुरुषांचे पांढरे शर्ट, बायकांचे डोक्यावर पदर, एकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा हार. एका मावशींना दोघांनी धरून उतरवलं. त्या मनमाडपासून रडत आल्या होत्या आणि आता आवाज बसला होता. भाच्याने मला मिठी मारून हुंदका दिला. मी विचारतोय काय झालं, आणि तो म्हणतोय, "तुम्ही शेजारी होतात म्हणून मामांना शेवटी..." मला काही सुचेना. मी मावशींची पिशवी उचलली आणि पुढे निघालो.

ओसरीवर काका पाटावर बसून खिचडी खात होते. वर तूप, बाजूला पापड.

मावशींनी किंकाळी फोडली. ती कुठल्या भावनेची होती हे अजून ठरलेलं नाही. मंडळी अंगणात जिथल्या तिथं थांबली. काकांनी घास गिळला, सगळ्यांना एकदा नीट बघितलं, हाराकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुःख नव्हतं, रागही नव्हता. संधी होती. "बसा," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी काय सांगितलं? तेल लावलं असं सांगितलं ना? इथंच तर घोटाळा आहे." आणि पापड हातात धरून त्यांनी १९७२ पासून सुरुवात केली.

भाचा हार घेऊन तसाच उभा. शेवटी काकूंनी तो त्याच्या हातून काढून घेतला आणि आत मतमाउलीच्या तसबिरीला घातला. तसबीर दिसेनाशी झाली, इतका मोठा. मग त्यांनी आठ माणसांच्या चहाचं आधण ठेवलं आणि साखरेच्या डब्यात डोकावून बघितलं.

बाहेर काकांचं चाललंच होतं. विलेपन हे जाणाऱ्यासाठी नाही, उठणाऱ्यासाठी आहे. म्हातारपणाने थकलेल्यालाही घेता येतं. ऑपरेशनच्या आधी घेता येतं. पुन्हा पुन्हा घेता येतं. मावशी कान देऊन ऐकत होत्या. रडणं थांबलं होतं. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला, मग कमरेवरून.

"म्हणजे मरायचं नसलं तरी चालतं?"

"अहो, तेच तर सांगतोय!"

"मग फादरांना बोलवा पुन्हा. एवढ्या लांबून आलेच आहे. ह्या गुडघ्याला गेल्या दिवाळीपासून उतार नाही." त्या सरसावून बसल्या. "काय म्हणायचं त्यांना? काय हवंय म्हणून सांगायचं?"

हाच तो प्रश्न. पन्नास वर्षांत काकांना आपणहून कुणी विचारला नव्हता. काका सरळ बसले, घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि पापडाचा तुकडा चुकीच्या नळीत गेला. डोळ्यांत पाणी, हात हवेत, शब्द फुटेना. भाचा पाठीवर थापा मारायला धावला.

काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"तेल म्हणा, मावशी," त्या म्हणाल्या. "फादरांना कळतं. साखर घालू ना?"